तपासी अंमलदार आणि त्याचा रायटर: न जुळणाऱ्या दोन पोलिसांची काळी कादंबरी कशी लिहावी

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने मला साठ पानं वाचायला दिली. कोल्हापुरात घडणारी पोलिसांची कादंबरी. दोन पोलीस, एक तापट आणि एक थंड डोक्याचा. दोघं जीपमधून हिंडतात, एकमेकांना "पार्टनर" म्हणतात, रंकाळ्यात प्रेत सापडतं आणि शेवटी तापट पोलीस एका पुढाऱ्याच्या थोबाडीत देतो. मी चौतीस वर्षं खात्यात काढली, त्यातली एकोणीस रायटर म्हणून, म्हणजे साहेबाच्या तपासाचे कागद लिहिणारा पोलीस म्हणून. पानं दोनदा वाचली आणि त्याला एवढंच विचारलं, "ह्या दोघांची ड्युटी एकत्र लावली कुणी?"

त्याला सांगता येईना. मग आम्ही दर रविवारी माझ्या मंगळवार पेठेतल्या घरी बसायला लागलो. त्या बैठकांत जे ठरत गेलं ते इथे लिहितो. अशी कादंबरी लिहायला घेतलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

जोडी कुठून आणायची

अमेरिकन कादंबऱ्यांत पोलिसाला जोडीदार नेमून दिलेला असतो. गाडी दोघांची, पाळी दोघांची. आपल्याकडे तशी सोय नाही. सकाळी हजेरी मेजर ड्युट्या वाचतो: एक जण समन्स-वॉरंट बजावायला, एक कोर्टात, एक ठाणे अंमलदाराच्या मदतीला, बाकीचे बंदोबस्ताला. आज तुमच्या मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस उद्या जोतिबाच्या यात्रेला उभा असतो. त्यामुळे "पार्टनर" हा शब्द आला की पोलीस वाचक पुस्तक मिटतो, आणि साध्या वाचकालाही काहीतरी उसनं वाटत राहतं.

पण एक जोडी खात्यात खरोखर असते आणि तिच्यावर फार कमी लिहिलं गेलंय. तपासी अंमलदार आणि त्याचा रायटर. तपास साहेबाच्या नावावर असतो. पंचनामा, जबाब, मुद्देमालाची पावती, रिमांड रिपोर्ट, हे सगळं रायटरच्या हातातून उतरतं. साहेब बोलतो, रायटर लिहितो, साहेब सही करतो. एकमेकांशिवाय दोघांचंही पान हलत नाही, आणि दोघांनी एकमेकांना निवडलेलं नसतं.

आता त्यांना न जुळणारे करा, पण खात्याच्या रचनेतूनच. फौजदार व्हायच्या तीन वाटा आहेत: लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन थेट, खात्यांतर्गत परीक्षा देऊन, किंवा शिपायापासून सेवाज्येष्ठतेने चढत. पहिल्या वाटेने आलेला पोरगा सव्वीस वर्षांचा असतो, नाशिकच्या अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला. त्याचा रायटर बावन्न वर्षांचा हवालदार असतो. हवालदाराचा मुलगा फौजदारापेक्षा मोठा असू शकतो. तरी सकाळी उठून कडक सॅल्यूट हवालदारानेच मारायचा. तापट आणि शांत अशी बाहेरून चिकटवलेली वेगळेपणाची लेबलं यापुढे लागतच नाहीत.

आमचा फौजदार आम्ही लातूर जिल्ह्यातला केला. दुष्काळात वाढलेला, टँकरच्या रांगेत उभा राहिलेला. हवालदार शिवाजी पेठेतला, तालमीत घाम गाळलेला, पेठेच्या फुटबॉल संघावर जीव टाकणारा. फौजदाराने आयुष्यात पूर पाहिलेला नाही. हवालदाराने इतके पाहिलेत की त्याला पुराकडे बघावंसंच वाटत नाही. हा फरक पुढे फार उपयोगी पडला.

दोघंही बरोबर असले पाहिजेत

माझं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं हे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पुतण्याच्या पहिल्या खर्ड्यात तापट पोलीस दर वेळी बरोबर निघायचा आणि दुसरा त्याला अडवत राहायचा. असल्या जोडीत एक माणूस आणि एक अडथळा असतो. जोडी खरी व्हायची असेल तर प्रत्येकाला असं काहीतरी दिसलं पाहिजे जे दुसऱ्याला कधीच दिसणार नाही. दोघांचं दिसणं खरं असलं पाहिजे. आणि दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय गुन्हा उलगडता कामा नये.

आम्ही काय केलं ते सांगतो. जुलैचा पाऊस. पंचगंगा पात्राबाहेर. राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, ऊस बुडायला लागलाय तिथे, एक अनोळखी पुरुषाचं प्रेत लागतं. डाव्या पायात चामड्याचं कोल्हापुरी पायताण, उजवा पाय मोकळा.

फौजदाराला त्यात काही वाटत नाही. कोल्हापुरात माणूस मेला, पायात कोल्हापुरी चप्पल, यात नवल काय? हवालदार मात्र तिथेच थबकतो.

"साहेब, ह्ये पायताण पावसात कोण घालत न्हाई."

आमच्याकडे मृग लागला की चामडी पायताण तेलपाणी करून माळ्यावर जातं. पाणी लागलं की चामडं फुगतं, वादी सुटते, महिन्याभरात जोड वाया जातो. जुलैत बाहेर पडणारा माणूस रबरी चप्पल घालतो. म्हणजे हा माणूस पावसात चालत आलेला नाही. त्याला गाडीतून आणलंय, किंवा तो घरच्यासारख्या कोरड्या जागेत बसलेला होता. आणि अस्सल पायताणाला खिळा नसतो. सगळं हाताने शिवलेलं असतं, त्यामुळे कारागिराचा हात ओळखू येतो. चप्पल लाइनमध्ये, म्हणजे पायताणांच्या बाजारात, योग्य माणसाला दाखवलं तर तो टाका बघून सांगेल, हा अमक्याचा हात.

आता फौजदाराची बाजू. हवालदार गृहीत धरतो की प्रेत वरून वाहत आलं. भोगावतीकडून नाहीतर कासारीकडून, पुरात सगळं वरूनच येतं. लातूरच्या पोराला काहीच गृहीत धरता येत नाही, कारण त्याने नदी वाहताना नीट पाहिलेलीच नाही. तो पाटबंधारेवाल्यांकडून बंधाऱ्याच्या पातळीचे आकडे मागवतो आणि वहीत तासातासाने मांडतो. त्याला दिसतं की त्या दोन दिवसांत पाणी चढलं, पण सरकलं नाही. खाली कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला फुगवटा येतो, पाणी तळ्यासारखं उभं राहतं. मग प्रेत लांबून येईल कसं? ते जवळच कुठेतरी पाण्यात पडलंय.

हवालदाराचं पायताण आणि फौजदाराचा फुगवटा. एक चाळीस वर्षांच्या सवयीतून आलेलं, दुसरं अडाणीपणातून. दोन्ही एकत्र ठेवली की नदीकाठचं एक बंद गुऱ्हाळ उरतं.

तुमच्या कादंबरीत हेच तपासून बघा. एक कागद घ्या, मधोमध रेघ मारा, एका बाजूला पहिल्याला दिसणाऱ्या गोष्टी आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याला दिसणाऱ्या. एखादी गोष्ट दोन्हीकडे बसत असेल तर ती त्या दोघांची नाही, लेखकाची आहे. ती खोडा.

काळी म्हणजे काय

इंग्रजीत जिला नॉयर म्हणतात ती ही काळी कादंबरी. नॉयर म्हणजे फ्रेंच भाषेत काळा. पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनसंस्थेने १९४५ मध्ये गुन्ह्यांच्या कादंबऱ्यांची काळी मालिका काढली, सुरुवातीला त्यात इंग्रजीतून भाषांतरित पुस्तकं होती. तिथून हा शब्द या प्रकाराला घट्ट बसला. त्या काळातले नायक बहुतेक खाजगी गुप्तहेर. पोलिसांच्या जोड्या नंतर आल्या, आणि माझ्या मते त्या जास्त काळ्या असतात. खाजगी गुप्तहेराला एखादं काम नाकारता येतं. पोलिसाला उद्या सकाळी त्याच हजेरीला, त्याच माणसाशेजारी उभं राहावं लागतं.

आपण लहानपणी भाड्याने आणून वाचलेल्या रहस्यकथेत शेवटी दिवा लागतो. खुनी सापडतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. काळ्या कादंबरीत खुनी सापडतो, पण ज्यांनी शोधला त्यांच्या हाताला काहीतरी लागून राहतं. पुतण्याला वाटलं होतं की त्यासाठी लाच पाहिजे, पुढारी पाहिजे, एन्काउंटर पाहिजे. मी त्याला माझ्याच नोकरीतली एक गोष्ट सांगितली. ती आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती.

नोकरीच्या बाराव्या वर्षी मी एका तालुक्याच्या ठाण्यात रायटर होतो. जबरी चोरीचा गुन्हा होता, म्हातारीच्या अंगावरचे दागिने ओरबाडून नेलेले. आरोपी सापडला आणि दागिने कुठे पुरलेत ते सांगायला तयार झाला. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पण त्याने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. म्हणून दोन पंच बोलावून निवेदन पंचनामा करतात. त्याला आम्ही मेमोरेंडम म्हणतो. त्या दिवशी घाई होती. अंधार पडायच्या आत जागेवर पोचायचं होतं. मी कच्चं टिपण केलं आणि पंचनामा परत आल्यावर पक्का लिहिला. त्यात सुरुवातीची वेळ टाकताना अर्ध्या तासाची चूक केली. स्टेशन डायरीत आम्ही ठाण्यातून निघाल्याची नोंद होती, आणि माझ्या पंचनाम्याप्रमाणे त्या वेळी आम्ही ठाण्यातच बसून आरोपीचं निवेदन घेत होतो.

आरोपीच्या वकिलांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पंचांपैकी एकाने सांगितलं, सही ठाण्यात घेतली. आरोपी सुटला. दागिने तर खरोखर त्याच्याच शेतातून निघाले होते, मी स्वतः माती उकरताना तिथे होतो. निकालानंतर ती म्हातारी व्हरांड्यात माझ्याजवळ आली. तिला निर्दोष म्हणजे काय ते कळलं नव्हतं. तिने विचारलं, "आता माझं डोरलं मला मिळंल न्हवं?" मी हो म्हणालो.

एवढंच. कुणी लाच घेतली नाही, कुणी कुणाला वाचवायला गेलं नाही. माझी अर्ध्या तासाची चूक होती. पुतण्या बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "काका, हवालदाराच्या हातून असंच काहीतरी झालं पाहिजे." तिथून कादंबरी खऱ्या अर्थाने सुरू झाली.

आमच्या कथेत हवालदार पायताण घेऊन एकटाच चप्पल लाइनमध्ये जातो. कारागीर टाका ओळखतो, जोड कुणासाठी शिवला तेही सांगतो. मयत कोण ते हवालदाराला कळतं, आणि त्या रात्री तो कुणाबरोबर असणार तेही. तो माणूस हवालदाराचा तालमीतला जोडीदार आहे, लहानपणी एका थाळीत जेवलेला. हवालदार खोटं काही लिहीत नाही. तो फक्त दोन दिवस काहीच लिहीत नाही. आधी मित्राला एकदा समोर बसवून विचारावं, एवढंच त्याच्या मनात आहे. त्या दोन दिवसांत पाणी चढतं आणि गुऱ्हाळ बुडतं. आत जे काही होतं ते गाळाखाली जातं.

असा दोष शोधा. लहान, माणसासारखा, समजून घेता येईल असा, आणि ज्याची भरपाई होणार नाही असा.

पाण्याला घड्याळ करा

कोल्हापूरकराला पावसाळ्यात तारीख लागत नाही. आज पाणी किती फुटांवर, हे तो सकाळी दूध आणायला गेल्यावर विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका. पाणी जामदार क्लबपर्यंत आलं, गायकवाड पुतळ्यापर्यंत आलं, ही आमची मोजपट्टी. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. किती दरवाजे उघडले हे कळलं की नदीकाठच्या गल्ल्यांत सामान माळ्यावर चढायला लागतं.

म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर वार-तारीख टाकू नका, पातळी टाका. पहिलं प्रकरण ३४ फूट. पायताण ओळखलं जातं तेव्हा ३७. हवालदार गप्प बसतो तेव्हा ३९. गुऱ्हाळ बुडतं तेव्हा ४१. वाचक आकडा बघूनच घाबरायला लागतो. घाबरवण्यासाठी तुम्हाला वेगळं काही लिहावं लागत नाही.

काळ आम्ही २००५ चा धरला. त्या वर्षी मोठा पूर आला होता, भारनियमन होतं, आणि स्टेशन डायरी हाताने लिहिली जायची. काळोख तयार करायला लेखकाला धडपड करावी लागत नाही. शिवाजी पेठेच्या बोळात वीज गेलेली, एका खिडकीत कंदील, वरून पन्हाळीचं पाणी. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, फक्त उतरवून काढायचं.

जागांबद्दल एक. पुतण्याने रंकाळा, भवानी मंडप, पन्हाळा असं सगळं पहिल्या तीन प्रकरणांत संपवलं होतं. पाहुण्याला शहर दाखवताना जे दाखवतो ते काळ्या कादंबरीला चालत नाही. तिला हंगाम संपलेली जागा लागते. गुऱ्हाळच घ्या. हंगामात तिथे किती गजबज असते: काहिलीतून वाफ, चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, रस आटला की नाही ते नजरेने ओळखणारा गुळव्या, ढेपा भरणाऱ्या बायका, ऊस मागायला आलेली पोरं. तेच गुऱ्हाळ जुलैत बघा. चुलवाणात पावसाचं पाणी, काहील पालथी घातलेली, एका कोपऱ्यात भिजलेल्या चिपाडांचा आंबूस वास, आणि मैलभर माणूस नाही. खून करायला याहून योग्य जागा मला करवीर तालुक्यात दिसत नाही.

एक प्रसंग मात्र गजबजलेल्या ठिकाणी ठेवा. आम्ही गंगावेशीतला रात्रीचा दूध कट्टा घेतला. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात. तिथे दोघं पहिल्यांदा हातात फाईल न घेता उभे राहतात. लातूरच्या पोराच्या ओठावर फेस राहतो, हवालदार त्याला रुमाल देतो. तोच हवालदार सकाळी त्याच्यापासून गोष्ट लपवून आलेला असतो. हा प्रसंग पुतण्याने एका बैठकीत लिहिला आणि मी त्यातला एक शब्दही बदलला नाही.

कोण कुणाला काय म्हणतं

मराठी लेखकाच्या हातात एक गोष्ट आहे, ती वापरा. नातं बदललं हे सांगायला तुम्हाला परिच्छेद लागत नाही, हाक बदलली की झालं.

सुरुवातीला फौजदार त्याला "हवालदार" म्हणतो, आणि "तुम्ही" असं जरा ताठपणे. हवालदार "साहेब" म्हणतो आणि बोलण्यात कोल्हापुरी आदर असतो: "साहेब, च्या घेतासा न्हवं?" हा "घेतासा", "बसतासा", "येतासा" आमच्या बोलीचा जीव आहे. बाहेरगावच्या माणसाला तो आधी उद्धट वाटतो, मग त्यातली माया कळते. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात कधीतरी फौजदाराच्या तोंडून "मामा" निघू द्या. लोक पोलिसाला मामा म्हणतात, पण साहेबाने आपल्या रायटरला मामा म्हणणं वेगळं. हवालदाराने त्यावर काही बोलू नये. त्याने फक्त पेन उचलावं.

फौजदाराची लातुरी बोली ड्युटीवर कुठेच दाखवू नका. तो ती दाबून ठेवतो. रात्री ठाण्याबाहेर उभा राहून आईला फोन करतो तेव्हा "जेवलीस का माय?" एवढं ऐकू येऊ द्या, आणि ते हवालदाराच्या कानावर पडू द्या.

सगळं फुटल्यावर हाक परत बदलते. फौजदार पुन्हा "हवालदार" म्हणतो. वाचकाला तेवढं पुरतं.

पंचनाम्यासारखं लिहायला शिका

काळ्या कादंबरीत उपमा फार वापरायची पद्धत आहे. रात्र अमुकासारखी, पाऊस तमुकासारखा. पुतण्याच्या पहिल्या पानावर पाच होत्या. मी त्याला एका पंचनाम्याचा नमुना लिहून दिला:

"प्रेत पुरुष जातीचे, वय अंदाजे ४५ ते ५०, पालथ्या स्थितीत, डोके पूर्वेस, पाय पश्चिमेस. अंगात पांढरा सदरा, वरून तिसरी गुंडी नाही. डाव्या पायात चामडी पायताण. उजवा पाय अनवाणी. अंगावर दागिना नाही. डाव्या मनगटावर घड्याळाचा पांढरा वण, घड्याळ नाही."

पंचनाम्यात मत लिहायचं नसतं, दिसेल ते लिहायचं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, दिशा आणि अंतर घालून. "खून झाल्याचे दिसते" असं लिहिलंत तर साहेब कागद फाडतो. "गळ्याभोवती दोन बोटे रुंदीचा लालसर वण" असं लिहावं लागतं. एकोणीस वर्षांत या शिस्तीने मला जे शिकवलं ते मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. प्रत्येक प्रसंगाचा आधी पंचनामा लिहा, मग त्यातून प्रकरण काढा. भावना लिहायची वेळ येईल तेव्हा ती घड्याळाच्या वणात आधीच आलेली असते.

शब्दही ठाण्यातले वापरा. मयत, फिर्यादी, पाहिजे आरोपी, मुद्देमाल, अंगझडती. पंच उलटला तर तो "फितूर" झाला. गुन्हे शोध पथकाला सगळे "डीबी" म्हणतात. खबऱ्याला पोलीस चारचौघांत खबऱ्या म्हणत नाही, "आपला माणूस" म्हणतो.

कायद्याचं एवढं सांभाळा

कथा १ जुलै २०२४ च्या, म्हणजे नवे फौजदारी कायदे लागू झाले त्या दिवसाच्या, आधीची की नंतरची, हे पहिल्या दिवशी ठरवा. आधीची असेल तर खुनाला कलम ३०२, फिर्यादीला १५४, अकस्मात मृत्यूला १७४. नंतरची असेल तर अनुक्रमे १०३, १७३ आणि १९४. नव्या कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. आमची कथा रायटरच्या पेनावर उभी आहे, म्हणून ती जुन्या काळातच शोभते.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एडी, अकस्मात मृत्यूची नोंद. नदीत प्रेत सापडलं की लगेच खून दाखल होत नाही. आधी एडी. तिची चौकशी फौजदाराकडे किंवा हवालदाराकडेच देतात. शवविच्छेदनात पाण्यात पडण्याआधीच मृत्यू झाल्याचं निघालं आणि खून दाखल झाला, की तपास सहसा वरचे साहेब स्वतःकडे घेतात. म्हणजे तुमच्या जोडीच्या हातात प्रकरण तेवढे दिवसच आहे, जोवर तो कागदावर खून नाही. खून आहे हे सिद्ध करायचं, आणि सिद्ध झालं की तो आपल्या हातून जाणार. फौजदाराला घाई का आणि हवालदाराला उशीर का, याची दोन्ही कारणं इथे आपोआप मिळतात.

दुसरं, साक्षीदाराचा जबाब. पोलिसांनी तपासात नोंदवलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. कायद्यानेच तसं आहे. त्यामुळे कारागिराने काय सांगितलं, कधी सांगितलं, हे फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत. या एका नियमावर अख्खी कादंबरी उभी राहते, आणि पुतण्याला तो माहीत नव्हता.

शेवटचा प्रसंग

मारामारी नको, पाठलाग नको. ठाण्यातली मागची खोली, छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली बादली, टेबलावर केसचे कागद. पातळी ४३ ओलांडून गेलेली. तालमीतला मित्र सापडलाय, त्याने सगळं सांगितलंय, पण दाखवायला जागाच उरलेली नाही. आता कारागिराचा जबाब लिहायचा आहे. हवालदार कोरा कागद समोर घेतो, नाव, वय, धंदा, राहणार, इथपर्यंत लिहितो आणि थांबतो.

फौजदार वहीतले पातळीचे आकडे बघत असतो. मान वर न करता विचारतो, "वेळ काय टाकायची, हवालदार?"

खरी वेळ टाकली तर हवालदाराची बत्तीस वर्षांची नोकरी जाते. दोन दिवस पुढची टाकली तर खाली सही फौजदाराची आहे आणि हे दोघांचं होतं, कायमचं. पुतण्याला हवालदाराने खरी वेळ लिहावी असं वाटतं. मलाही वाटतं. पण हवालदार काय लिहितो ते दाखवायचं, की पेनाचं टोक कागदाला लागल्यावर प्रकरण संपवायचं, यावर आमचे चार रविवार गेले. मी म्हणालो, दाखव. इतकं अंतर वाचकाला चालत आणलंय, तर त्याला दारात उभं करू नकोस. त्याने तीन वेगवेगळे शेवट लिहून आणलेत. तिन्हींत पाणी ४४ फुटांवर आहे, बादली भरलेली आहे आणि ती उचलून बाहेर ओतायला उठतो तो फौजदार, हवालदार नाही. ते मला पटलंय. तेवढं ठेवून बाकीचं येत्या रविवारी ठरवू.